हार्मोनची गोळी मध्येच का सुटते? (स्तनाचा कर्करोग, पाच ते दहा वर्षांचा कोर्स)

टिपणवही
ऑपरेशन होतं, केमो होते, शेक (रेडिएशन) संपतात. घरी पेढे येतात. आणि त्याच दिवशीच्या चिठ्ठीवर तळाशी एक ओळ असते: टॅमोक्सिफेन २० किंवा लेट्रोझोल २.५, रोज एक, ५ वर्षं. सगळ्या उपचारांतला हा सर्वांत बिनबोभाट भाग, आणि सुटतो तोही हाच.

किती सुटतो? उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यविमा व्यवस्थेत ८,७६९ बायकांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०१० साली आले. साडेचार वर्षांअखेर पूर्ण काळ आणि वेळच्या वेळी गोळी घेतलेल्या निघाल्या ४९ टक्के. चाळिशीच्या आतल्या बायका सोडण्यात पुढे होत्या. तिथे विमा आहे, नोंदी आहेत. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून रात्रीच्या गाडीने नागपूरला येणाऱ्या बाईचं गणित याहून सोपं असायचं काही कारण नाही.

"रुग्णाचे समुपदेशन करावे" छापाचं इथे नको. कारण कोणतं आणि त्यावर नेमकं काय करायचं, तेवढंच लिहा. घरच्या कहाण्यांसाठी दुसरा धागा आहे.

सुरुवात मी करते. "सोडली" हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. कुणी गोळी सुरूच केलेली नसते. कुणी त्रास झाला म्हणून ठरवून बंद करते. आणि तिसरी, जिची राहत राहत जाते. ही तिसरी सर्वांत फसवी, कारण तिच्या स्वतःच्या हिशेबात गोळी चालूच असते. फ्रान्समधल्या कँटो अभ्यासात पाळी न गेलेल्या १,१७७ बायकांचं रक्त टॅमोक्सिफेन लिहून दिल्याच्या वर्षभरानंतर तपासलं. १६ टक्के जणींच्या रक्तात औषध पुरेसं नव्हतं, आणि त्यातल्या ५५ टक्के जणींनी "नियमित घेते" असंच सांगितलं होतं. तीन वर्षांनंतर रोग दूर न पसरता हयात असलेल्या: नियमित घेणाऱ्यांत ९५.४ टक्के, न घेणाऱ्यांत ८९.५.

ओपीडीत विचारतात काय? "गोळी चालू आहे ना?" या प्रश्नाला "हो" शिवाय उत्तरच नाही.

झिरोमाइल
पहिला घोळ नावातच आहे. "हार्मोनची गोळी" म्हटलं की बाईला वाटतं, हार्मोन देताहेत. शेजारीण सांगते, हार्मोनने तर कॅन्सर होतो. गोळी डब्यात जाते. खरं तर हे हार्मोन अडवायचं औषध आहे. टॅमोक्सिफेन गाठीच्या पेशीवरच्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणजे इस्ट्रोजेनला खुर्चीच मिळत नाही. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल १ मिग्रॅ, एक्सेमेस्टेन २५ मिग्रॅ यांचं काम वेगळं: पाळी गेल्यावर चरबीत, स्नायूंत जे थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं तो कारखानाच ती बंद करतात. म्हणून माझं मत, चिठ्ठीवर "हार्मोन-रोधक" लिहावं. एका शब्दाने अर्धी भीती जाईल.

दुसरं, "कॅन्सर गेला, मग गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे, त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं. ईआर पॉझिटिव्ह (पेशींवर इस्ट्रोजेनच्या जागा असलेला) रोग उशिरा परत येण्यात पटाईत. २०१७ साली मोठं विश्लेषण आलं: ज्यांनी ५ वर्षं गोळी घेतली आणि तोवर ज्या ठीक होत्या, अशांमध्ये पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान रोग दूरच्या अवयवात निघण्याचं प्रमाण २ सेंमीपर्यंतची गाठ आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असतील तर १३ टक्के होतं. गाठ २ ते ५ सेंमी आणि ४ ते ९ ग्रंथींत रोग असेल तर ४१ टक्के. काही जणींना पाचाऐवजी दहा वर्षं सांगतात ते यामुळेच. ॲटलास चाचणीत टॅमोक्सिफेन दहा वर्षं घेणाऱ्यांत पाचव्या ते चौदाव्या वर्षातले कर्करोगाने झालेले मृत्यू १२.२ टक्के होते, पाचला थांबणाऱ्यांत १५.

दवाबाजार
औषधाच्या दुकानात काउंटरच्या या बाजूने दिसणाऱ्या चुका सांगतो. (आपल्याकडे "मेडिकल"मध्ये जाऊन या म्हटलं की निम्मे लोक नागपूरच्या मेडिकल चौकात पोहोचतात. मी दुकानाबद्दल बोलतोय.)

टॅमोक्सिफेन १० आणि २० अशा दोन्ही ताकदींत येतं. चिठ्ठीवर २०, दुकानात १० शिल्लक, "दोन-दोन घ्या" असं तोंडी सांगून पट्टी दिली जाते. पुढच्या महिन्यात बाई रिकामी १० ची पट्टी दाखवते, तीच मिळते, आणि आता रोज एक. वर्षभर अर्धा डोस. उलटंही होतं: कंपनी बदलली, नाव बदललं, जुनी आणि नवी दोन्ही चालू. उपाय फुकट आहे. नावाच्या खालची बारीक अक्षरं वाचा, औषधाचं मूळ नाव आणि मिग्रॅ जुळवा. जनऔषधी केंद्रात मूळ नावानेच मिळतं, तिथे हा गोंधळ कमी.

पट्टी दहाची असते. पाच वर्षं म्हणजे १,८२६ गोळ्या, १८३ पट्ट्या. दर वेळी एकच पट्टी घेणारी बाई १८३ वेळा दुकानात जाणार, त्यात दहा-वीस खेपांना चार-पाच दिवसांची फट पडणारच. एकदम तीन महिन्यांच्या नऊ पट्ट्या घ्या, शेवटची उघडली की पुढची मागवा. टॅमोक्सिफेन, लेट्रोझोल ही महागडी औषधं नाहीत. पैशापेक्षा खेप नडते.

लेट्रोझोलची आणखी एक गंमत. हीच गोळी मूल होण्याच्या उपचारातही देतात. साठीच्या बाईला काउंटरवरचा पोऱ्या म्हणतो, "आजी, ही तर पोरं होण्याची गोळी." आजी परत दुकानात फिरकत नाहीत.

आणि दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेली औषधं. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, ब्युप्रोपिऑन ही उदासीवरची औषधं यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम अडवतात. टॅमोक्सिफेनचं एंडॉक्सिफेन हे कामाचं रूप त्याच वाटेने बनतं. गोळी रोज पोटात जाते, पण काम कमी होतं. व्हेन्लाफॅक्सिन किंवा एस्सिटॅलोप्रॅम त्या मानाने चालतं. टीबीचं रिफाम्पिसिन तर टॅमोक्सिफेनची रक्तातली पातळी पार खाली आणतं. टीबी सेंटरला कॅन्सरची फाइल आणि कॅन्सरच्या ओपीडीत टीबीचं कार्ड दाखवलंच पाहिजे.

ऑरेंजसिटी
उन्हाळ्यात ही गोळी "गरम पडते" म्हणून चैत्रापासून मृग लागेस्तोवर बंद ठेवतात आपल्याकडच्या बाया. काहून ऐकत नाहीत बाप्पा? आणि दिवसाआड घेतली तर चालते का? रक्तात राहतेच म्हणतात.

झिरोमाइल
भाऊ, "गरम पडते" हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. इस्ट्रोजेनचं काम अडलं की मेंदूतला उष्णता नियंत्रक फार हळवा होतो. अर्ध्या अंशाच्या चढउतारालाही तो घाम सोडतो. छाती-मानेवरून वाफ चढल्यासारखी लाट येते, दोन-चार मिनिटं टिकते, मग अंग ओलं आणि थंडी. बाहेर ४५ अंश, कूलर बंद आणि लोडशेडिंग, अशात दिवसातून दहा लाटा. तिला "मनाचं आहे" म्हणणं म्हणजे गोळी सोडायला लावणंच.

काय करता येतं: लाट कधी येते ते आठवडाभर लिहून काढा. गरम चहा, सावजी रस्सा आणि बंद खोली हे नेहमीचे तीन आरोपी. गोळीची वेळ बदलून पाहा, सकाळची रात्री किंवा रात्रीची सकाळी. परिणामात फरक पडत नाही, रोजची वेळ एकच हवी एवढंच. त्रास झोप मोडण्याइतका असेल तर डॉक्टर व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ पासून सुरू करून ७५ पर्यंत नेतात, किंवा रात्री गॅबापेंटिन ३०० देतात, ऑक्सिब्युटिनिनही वापरतात. व्हेन्लाफॅक्सिन स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, गरगरतं. बऱ्याच जणींत लाटा पुढे ओसरतात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर पहिला उन्हाळा निभतो.

दिवसाआडचं. टॅमोक्सिफेनचं अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ) ५ ते ७ दिवस, शरीरात त्यापासून बनणाऱ्या मुख्य रूपाचं साधारण १४ दिवस. म्हणून एखादी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही. त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसरा दिवस उजाडला असेल तर सोडून द्या, दोन एकदम नकोत. पण दिवसाआडची सवय म्हणजे पातळी कायमची अर्धी. ५ मिग्रॅची चाचणी झाली आहे, तीन वर्षांची, पण ती दुधाच्या नळीतच थांबलेल्या किंवा त्याआधीच्या बदलांसाठी. बाहेर पसरू शकणाऱ्या गाठीसाठी २० च.

अंबाझरी
लेट्रोझोल गटाची गोळी सुटते ती मुख्यतः सांध्यांपायी. लक्षण ओळखीचं: सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, नळाची तोटी फिरत नाही, पोळपाट-लाटणं धरवत नाही, तासाभराने जरा सैल. दोन-तीन महिन्यांत सुरू होतं आणि सहाव्या महिन्याच्या आसपास शिगेला पोहोचतं. बोट अडकून "टक्" करून सुटणं आणि मनगटात नस दबून मुंग्या येणं हेही याच गोळीचं. कापूस वेचणारी बाई बोंडातून सरकी चिमटीने ओढते, दिवसभर तीच हालचाल. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या रोवणीत कमरेतून वाकून तेच. तिला तुम्ही "थोडा व्यायाम करा" म्हणता, ती मनात म्हणते, अजून किती करू?

तिला हवा असलेला व्यायाम वेगळा. २०१५ च्या एका अमेरिकन चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं जलद चालणं आणि दोनदा वजनाचे व्यायाम, असं वर्षभर केल्यावर दुखणं लक्षणीय उतरलं. इथे वजनासाठी अर्धा लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या पुरतात. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात हात बुडवून वीस वेळा मूठ उघड-बंद करायची, मग भांड्यांना हात लावायचा. चालणं सूर्य वर येण्याआधी. मे महिन्यात सहाच्या पुढे नकोच.

एवढ्याने भागलं नाही तर ठरलेली पायरी आहे आणि ती बायकांना माहीतच नसते: गोळी सोडायची नाही, बदलायची. डॉक्टर दोन ते आठ आठवडे विसावा देतात. दुखणं उतरलं म्हणजे दोषी गोळीच हे कळतं, मग त्याच गटातली दुसरी सुरू करतात. ॲनास्ट्रोझोल सोसवेना म्हणून लेट्रोझोल दिलेल्यांच्या एका अभ्यासात सहा महिन्यांनंतरही ७१.५ टक्के बायका नवी गोळी घेत होत्या. तीही नाही जमली तर टॅमोक्सिफेन आहेच. ड्युलोक्सेटिन आणि ॲक्युपंक्चर यांच्याही रीतसर चाचण्या झाल्यात, फायदा माफक पण खरा. (ड्युलोक्सेटिन टॅमोक्सिफेनसोबत नको, तेही सीवायपी२डी६ काही प्रमाणात अडवतं.)

विसाव्याची तारीख कागदावर हवी, संपण्याचीसुद्धा. "थोडे दिवस बंद ठेवा" एवढंच तोंडी सांगितलं तर ते थोडे दिवस संपत नाहीत.

हाडांसाठी: सुरुवातीला डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी), मग दर एक-दोन वर्षांनी. कॅल्शियम आहारासकट दिवसाला १,००० ते १,२०० मिग्रॅ. हाडं टिकवणारं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन सुचवलं तर आधी दात दाखवा. किडका दात नंतर काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड चिघळू शकतं.

दवाबाजार
+१. त्या विसाव्यासारखीच आणखी एक फट. गुडघ्याचं किंवा गर्भपिशवीचं मोठं ऑपरेशन ठरलं की रक्ताच्या गाठीच्या धोक्यामुळे टॅमोक्सिफेन दोन-तीन आठवडे आधी थांबवतात. थांबवणारा डॉक्टर वेगळा, सुरू करणारा कुणीच नाही. डिस्चार्ज कार्डवर "टॅमोक्सिफेन पुन्हा सुरू, तारीख अमुक" हे लिहून घ्यायचं. मोतीबिंदूसाठी थांबवायची गरज नसते.

फुटाळा
स्त्रीरोगाच्या बाजूने, जे पुरुष डॉक्टरसमोर, त्यातही नवरा किंवा सासू बाजूला उभी असताना, बोललंच जात नाही.

कोरडेपणा. संबंधाच्या वेळी आग, कधी रक्त. बाई गोळी सोडते आणि कारण सांगते "पित्त होतं". उपाय आहे: हार्मोन नसलेलं योनीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो-नसो, आणि त्या वेळी पाण्यावर आधारित लुब्रिकंट. खोबरेल तेलही चालतं, पण कंडोमसोबत नाही, रबर फाटतं. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, लेट्रोझोल गटावर असेल तर विशेष.

सोनोग्राफीची दहशत. टॅमोक्सिफेनवर गर्भाशयाचं अस्तर जाड दिसतंच. कसलाही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, "१२ मिमी" वाचून घाबरायचं, क्युरेटिंग (अस्तर खरवडणं) करायचं आणि तिसऱ्यांदा कंटाळून गोळीच सोडायची, असा हा मार्ग आहे. लक्षण नसेल तर ही नेहमीची सोनोग्राफी लागत नाही. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला, किंवा पाळी असताना मधेच रक्त गेलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. धोका खरा आहे, लपवू नये: ॲटलासमध्ये पाचव्या ते चौदाव्या वर्षात गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग दहा वर्षं घेणाऱ्यांत ३.१ टक्के, पाच वर्षंवाल्यांत १.६. त्याने झालेले मृत्यू ०.४ आणि ०.२. वर झिरोमाइल यांनी दिलेले १२.२ आणि १५ शेजारी ठेवून पाहा.

पाळी थांबली म्हणजे पाळी गेली, हे चाळिशीतल्या बाईबाबत धरून चालू नका. केमोने थांबलेली पाळी दीड-दोन वर्षांनीही परतते. अशा बाईला नुसतं लेट्रोझोल दिलं तर बीजकोष उलट चेकाळतात. टॅमोक्सिफेनवरही दिवस राहू शकतात आणि ते गर्भाला घातक आहे. तांबी बसवा, हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नाहीत.

मूल हवं म्हणून गुपचूप सोडणाऱ्या तरुण मुलींसाठी: "पॉझिटिव्ह" नावाची चाचणी, २०२३. १८ ते ३० महिने गोळी घेऊन मग ठरवून जास्तीत जास्त दोन वर्षं थांबलेल्या ५१६ जणी. तीन वर्षांत रोग परतणं ८.९ टक्के, तुलनेतल्या न थांबलेल्यांत ९.२. काळ अजून लहान आहे, पण वाट आहे. थांबल्यावर तीन महिने औषध अंगातून जाऊ द्यायचं, मग प्रयत्न. आणि नंतर उरलेला कोर्स पूर्ण करायचा.

ऑरेंजसिटी
उपासाचं काय? आणि शतावरी?

फुटाळा
टॅमोक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल रिकाम्या पोटी चालतं, पाण्याचा घोट तेवढा लागतो. नवरात्राचे नऊ दिवस सोडायचं कारण नाही. रोजे असतील तर सहेरी किंवा इफ्तारला. फक्त एक्सेमेस्टेन जेवणानंतर. शतावरी कल्प, बायकांची म्हणून मिळणारी टॉनिकं, सोयाचे अर्क डॉक्टरांना बाटलीसकट दाखवल्याशिवाय घेऊ नका. ताटातली जवसाची चटणी खुशाल खा.

झिरोमाइल
इंजेक्शनवाल्यांचं राहिलं. धोका जास्त असलेल्या तरुण बायकांना बीजकोष झोपवायला गोसेरेलिन ३.६ मिग्रॅ पोटाच्या कातडीखाली दर २८ दिवसांनी देतात. "दर महिन्याला" नाही. वर्षात १३ होतात, १२ नाही, आणि ती एक तारीख हमखास घसरते. इंजेक्शन लांबलं की बीजकोष जागे होतात आणि सोबतचं लेट्रोझोल वाया जातं. २८ दिवसांच्या १३ तारखा एकदमच कॅलेंडरवर खुणावून ठेवा. हे मात्र महाग पडतं आणि पैशासाठी सुटतं. मुलं झालेली असतील तर दुर्बिणीतून बीजकोष काढून टाकणं हा एकदाच्या खर्चाचा पर्याय विचारावा. तो परत फिरवता येत नाही, म्हणून घाई नको.

आपल्या भागात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बरंच आहे. एसएस (दोन्ही जनुकं सिकलची) असेल किंवा आधी पायात रक्ताची गाठ झाली असेल तर टॅमोक्सिफेनआधी सांगा. एका पोटरीला सूज, अचानक दम लागणं, अशा वेळी थेट कॅज्युअल्टी.

टिपणवही
प्रवासाचं लिहिते. नागपुरातलं तुकडोजी, जामठा, मेडिकल, एम्स, कुठल्याही रुग्णालयाची फाइल असो, फेरतपासणीचा दिवस रोवणीत किंवा लग्नसराईत आला की चुकतो, आणि चिठ्ठी संपली म्हणून गोळीही. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कर्करुग्णाला उपचार आणि तपासणीसाठी स्लीपर व थ्री-एसीत १०० टक्के सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

विचारायचं कसं, तर असं: "गेल्या सात दिवसांत किती गोळ्या राहिल्या?" राहतातच हे गृहीत धरून. मग "का" नाही विचारायचं, "कुठल्या दिवशी" विचारायचं. गुरुवारी म्हटली तर उपास, बाजाराच्या दिवशी म्हटली तर धावपळ. आणि पुढच्या वेळी रिकाम्या पट्ट्या घेऊन यायला सांगा.

ऑरेंजसिटी
शेवटचं एक. आठ महिने बंद आहे, आता डॉक्टर रागावतील म्हणून बाई ओपीडीतच जात नाही. आता सुरू करून उपयोग आहे का?

झिरोमाइल
आहे. फ्रान्समधल्या एका चाचणीत ऑपरेशननंतर दोन वर्षांहून उशिरा सुरू केलेल्या टॅमोक्सिफेननेही फायदा दाखवला होता. पण डब्यातली जुनी पट्टी काढून लगेच सुरू करू नका. आधी: मधल्या काळात पाळी आली का, दिवस गेलेले नाहीत ना, पायाला सूज, नवी औषधं, नवी गाठ किंवा हाडदुखी. हे तपासून मग त्याच किंवा दुसऱ्या गोळीने सुरू, पूर्ण डोसनेच, हळूहळू वाढवायची गरज नाही. आठ महिने कोर्समध्ये धरायचे की पुढे जोडायचे ते डॉक्टर ठरवतील.

दवाबाजार
पट्टीच्या मागची एक्स्पायरीही बघा. आठ महिन्यांपूर्वीची पट्टी म्हणून विचारतोय.